पानाची डावी बाजू आणि गर्भवतीचे रक्त

मराठी घरात पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. वरच्या टोकाला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे पालेभाजी, उसळ, आमटी. आणि मध्ये भाकरी, पोळी किंवा भात. उजव्या बाजूचे पदार्थ पोट भरतात, डावीकडचे तोंडी लावण्यापुरते असतात, अशी आपली समजूत. म्हणूनच घाईच्या जेवणातून पहिल्यांदा गळते ती डावी बाजू. लिंबू चिरायचे राहते, कोशिंबीर उद्यावर जाते आणि जेवण उरकले की त्या जागी चहाचा कप येतो.

घरात गर्भवती स्त्री असेल तर ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. उजव्या बाजूच्या पदार्थांत लोह असते. पण त्यातील किती लोह तिच्या रक्तात उतरेल, हे बऱ्याच अंशी डाव्या बाजूवर आणि जेवणानंतरच्या त्या कपावर अवलंबून असते. काय शिजवायचे, कोणी कधी जेवायचे, जेवणानंतर काय घ्यायचे, हे अनेक घरांत आजही आजी, सासू किंवा घरातील ज्येष्ठ व्यक्तीच ठरवते. म्हणून हा लेख गर्भवतीपेक्षाही तिची काळजी घेणाऱ्या हातांसाठी आहे.

रक्त कमी असणे म्हणजे काय

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. श्वासातून आलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात आणि नाळेपर्यंत पोहोचवण्याचे काम ते करते. ते घडवण्यासाठी लोह लागते. गर्भारपणात हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तामागे ११ ग्रॅमपेक्षा खाली गेले, तर त्याला रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया म्हणतात. १० ते १०.९ हा सौम्य, ७ ते ९.९ हा मध्यम आणि ७ पेक्षा कमी हा तीव्र रक्तक्षय होय.

गर्भारपणात रक्तातील पातळ भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो. तांबड्या पेशी मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरणे स्वाभाविक आहे. अहवालातील आकडा आधीपेक्षा किंचित कमी आला म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र तो ११ च्या खाली घसरत चालला असेल, तर ‘पोटुशी बाई थकायचीच’ असे म्हणून सोडूनही देऊ नये.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे हा प्रश्न केवळ दूरच्या पाड्यावरच्या गरीब घराचा नाही. शहरातील सुखवस्तू, भरल्या स्वयंपाकघरांतही तो आहे.

याचे मोल प्रसूतीच्या दिवशी कळते. बाळंतपणात काही रक्त जातेच. अर्धा लिटरपर्यंतचा रक्तस्राव निरोगी स्त्रीचे शरीर सहन करते, कारण नऊ महिन्यांत त्याने त्याची तरतूद करून ठेवलेली असते. जिचे रक्त आधीच कमी आहे, तिच्यापाशी ही शिल्लक नसते. इतर स्त्री ज्या रक्तस्रावातून सावरते, तोच तिच्या जिवावर बेतू शकतो. बाळावरही परिणाम होतो. ते अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. शिवाय आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. पहिल्या सहा महिन्यांसाठी लागणारा साठा बाळ आईच्या पोटातूनच घेऊन येते. आईकडे तुटवडा असेल, तर बाळाची शिदोरीही तुटपुंजी राहते.

हजार मिलिग्रॅमचा हिशेब

एका गर्भारपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातील साधारण ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांसाठी, ५०० च्या आसपास आईच्या वाढत्या रक्तासाठी आणि उरलेले शरीरातून रोज होणारी झीज भरून काढण्यासाठी. ही गरज नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. सुरुवातीच्या महिन्यांत पाळी थांबल्यामुळे वाचणारे लोह बरेचसे पुरते. पाचव्या महिन्यानंतर मात्र मागणी झपाट्याने वाढते आणि शेवटच्या टप्प्यात रोज पाच-सहा मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात उतरावे लागते.

आता आपल्या एका चांगल्या जेवणाचा हिशेब मांडून पाहू. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते. वाटीभर मटकीच्या उसळीत दोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक. मेथी किंवा माठासारख्या पालेभाजीतून आणखी चार-पाच मिलिग्रॅम. म्हणजे पानात बारा-तेरा मिलिग्रॅम लोह वाढले गेले. ऐकायला हे भरपूर वाटते. पण धान्य, कडधान्य आणि पाल्यातील लोह आपले आतडे फार हात राखून घेते. आपल्या रोजच्या आहारातून शंभरात पाच ते आठ भाग एवढेच रक्तात जाते, बाकीचे तसेच बाहेर पडते. म्हणजे या भरल्या पानातून शरीराला मिळाले ते एक मिलिग्रॅमच्या आत-बाहेर.

शरीरही गरज ओळखते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आतडे पूर्वीपेक्षा अधिक लोह शोषू लागते. तरीही या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की पाचव्या महिन्यापासूनची सगळी गरज केवळ आहारातून भागवणे बहुतेक स्त्रियांना शक्य नसते. गोळी घ्यावीच लागते. दुसरी ही, की पानात लोह किती वाढले याइतकेच त्यातले किती अंगी लागले हेही महत्त्वाचे आहे. पाचाचे दहा भाग झाले, तर तेच जेवण दुप्पट गुणाचे ठरते आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

तांबडे ते सारे रक्त नव्हे

‘रक्त वाढावे’ म्हणून गर्भवतीला बीट, डाळिंब आणि सफरचंद देण्याची पद्धत घरोघर दिसते. ही फळे-कंदमुळे चांगलीच आहेत, त्यांतून तंतू आणि इतर पोषकद्रव्ये मिळतात. पण लोहाच्या दृष्टीने पाहिले तर १०० ग्रॅम बीट, डाळिंब वा सफरचंदात एक मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. महागडी डाळिंबे आणण्यासाठी ज्या घराला ओढाताण करावी लागते, त्याने तेच पैसे मटकी, हुलगे, हरभरे, तीळ आणि पालेभाजीवर खर्च केले तर अधिक फायदा होईल.

पालकाचा बोलबाला मोठा. परंतु त्यातील ऑक्झलेटमुळे त्याचे लोह नीट शोषले जात नाही. माठ, मेथी, शेवग्याचा पाला, चवळीचा पाला यांना आलटून पालटून पानात जागा द्यावी. गुळाचेही तसेच. गुळात साखरेपेक्षा लोह अधिक असते हे खरे, पण दोन चमचे गुळातून एक मिलिग्रॅमदेखील मिळत नाही. शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा जरूर द्यावा. पण त्यावर भिस्त ठेवू नये. गर्भारपणात साखर वाढली असेल तर गूळ आणि खजूर यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तीळ हे मात्र खरोखर लोहाचे कोठार आहे. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी करण्याची आपली जुनी चाल या दृष्टीने फार शहाणपणाची म्हणावी लागेल. तीळ आणि बाजरी ‘उष्ण’ म्हणून गर्भवतीच्या पानातून पूर्णपणे वर्ज्य करण्याची रूढी काही घरांत आहे. रोजच्या स्वयंपाकात वापरतो तेवढ्या प्रमाणातील तीळ-बाजरीने गर्भाला अपाय होतो, असे मानण्यास आधार नाही. उलट अशा बंधनांनी तिचे पान आणखी रिकामे होते.

लोह हरवते कोठे

शोषणाच्या वाटेवर लोहाला तीन अडथळे भेटतात. पहिला चहा-कॉफीचा. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा वनस्पतीज लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. सकाळी पोह्यांबरोबर चहा आणि दुपारी जेवल्यावर ‘जरासा’ चहा, अशी सवय असेल तर दोन्ही वेळच्या लोहावर पाणी पडते. चहा सोडण्याची गरज नाही. जेवण आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. दुपारचा चहा चार वाजता सगळ्यांनी मिळून घ्यावा. घरातील ज्येष्ठांनीच जेवणानंतरचा चहा बंद केला, तर सुनेला किंवा लेकीला वेगळे सांगावेही लागत नाही.

दुसरा अडथळा कॅल्शियमचा. दूध अत्यावश्यक आहे, पण ते लोहाच्या गोळीबरोबर किंवा लोहयुक्त जेवणाला जोडून देऊ नये. ‘गोळी दुधाबरोबर घे, म्हणजे बाधणार नाही’ हा प्रेमाने दिलेला सल्ला गोळीचे काम अर्धवट ठेवतो. रात्री निजताना किंवा सकाळी वेगळ्या वेळी दूध द्यावे. जेवणातील वाटीभर ताकाने फार बिघडत नाही. त्यावरून घरात वाद नको. कॅल्शियमची गोळी मात्र लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवावी.

तिसरा अडथळा फायटेटचा. तो धान्याच्या आणि कडधान्याच्या कोंड्यात असतो आणि लोहाला बांधून ठेवतो. कोंडा टाकून देणे हा त्यावर उपाय नव्हे, कारण लोहही तेथेच असते. आपल्या आज्यांनी त्यावर दोन उपाय शोधून ठेवले आहेत, मोड आणणे आणि आंबवणे. मटकी, मूग, हुलगे, वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की फायटेट कमी होते. नाचणीचे पीठ रात्री भिजवून सकाळी केलेली आंबील, इडली-डोसा, ढोकळा हे आंबवलेले पदार्थही त्याच कारणाने उपयुक्त. मोड आलेली कडधान्ये गर्भवतीला कच्ची न देता वाफवून द्यावीत.

डाव्या बाजूचे काम

आता लोहाला आत नेणाऱ्या सोबत्याकडे वळू. हा सोबती म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. ते वनस्पतीज लोहाला शरीर सहज घेऊ शकेल अशा रूपात ठेवते आणि चहा-फायटेटच्या अडथळ्यांवरही काही प्रमाणात मात करते. अट एकच, ते त्याच जेवणात असले पाहिजे. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या भाकरीच्या कामी येत नाही.

म्हणून लिंबाची फोड हा पानाचा शृंगार नाही. ती उसळीवर आणि भाजीवर पिळण्यासाठी आहे. आणि पदार्थ चुलीवरून उतरल्यावरच पिळायची, कारण उकळीत ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. आवळ्यात आणि पेरूमध्ये ते लिंबापेक्षाही विपुल असते. हिवाळ्यात आवळ्याची चटणी, कच्चा आवळा किसून घातलेली कोशिंबीर, जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी. उन्हाळ्यात कैरीचा कीस. एरवी टोमॅटो, कोबी, कोथिंबीर यांची ताजी कोशिंबीर. यांपैकी एक गोष्ट प्रत्येक जेवणात असावी. कोशिंबीर करण्यापूर्वी भाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवाव्यात. ती आधीपासून चिरून ठेवू नये. जेवायला बसताना करावी.

लोखंडी कढई आणि तवा हेही विसरत चाललेले सहायक. चिंच, टोमॅटो, कोकम अशी आंबट वस्तू घातलेली भाजी लोखंडी कढईत शिजवली की भांड्यातील थोडे लोह पदार्थात उतरते. इथिओपियातील मुलांवर केलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यांत अन्न शिजवणाऱ्या घरांतील मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमची भांडी वापरणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा अधिक वाढल्याचे त्यात आढळले. माळ्यावर टाकलेली आजीची कढई खाली काढायला हे कारण पुरेसे आहे. पदार्थाचा रंग काळसर होतो, त्याने अपाय नाही. शिजवून झाल्यावर मात्र पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा.

सामिष घरांसाठी हा प्रश्न थोडा सोपा आहे. मटण, कोंबडी आणि मासे यांतील लोह आतडे अधिक सहजतेने घेते; शिवाय त्याच जेवणातील भाकरी आणि उसळीचे लोहही त्यांच्या संगतीने चांगले शोषले जाते. आठवड्यातून दोन-तीन वेळा दिलेला छोटा भागही उपयोगी पडतो; मात्र रश्श्यावर तिची बोळवण करून तुकडे इतरांच्या ताटात जाता कामा नयेत. यकृत, म्हणजे कलेजी, लोहाने समृद्ध असली तरी तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते. गर्भारपणात ती वारंवार देऊ नये.

गोळीबद्दलचे गैरसमज

सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून रोज एक तांबडी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती गर्भारपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. रक्तक्षय आढळला तर डॉक्टर मात्रा वाढवतात.

या गोळीतील दुसऱ्या घटकाच्या कथेचा धागा मुंबईशी जुळलेला आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण त्या शोधत होत्या. हा रोग जंतूंमुळे नसून निकृष्ट आहारामुळे होत असावा, हे त्यांच्या लक्षात आले आणि यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे पालकाच्या पानांतूनही वेगळा करण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज जगभरातील गर्भवतींना जी गोळी दिली जाते, तिच्यात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या दुखण्यातून मिळालेले हे ज्ञान आहे.

अशी ही गोळी अनेक घरांत डब्यात पडून राहते. ‘गोळ्यांनी बाळ काळे होते’, ‘बाळ मोठे होऊन अडते’, ‘गोळी उष्ण पडते’ ही त्याची नेहमीची कारणे. बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून येतो, गोळीतून नव्हे. बाळाच्या डोक्याचा घेर लोहाने वाढत नाही. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो, हे खरे. न शोषलेले लोह बाहेर पडते, त्याची ती खूण आहे, भीतीचे कारण नाही.

मळमळ आणि बद्धकोष्ठ हे त्रास मात्र खरे आहेत. त्यांची थट्टा करू नये. उपाशीपोटी गोळी सोसत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर द्यावी, सोबत लिंबूपाणी द्यावे. पाणी, पालेभाज्या, पेरू, अंजीर आणि सकाळ-संध्याकाळचे चालणे यांनी बद्धकोष्ठ आटोक्यात राहते. तरीही त्रास होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलून देऊ शकतात. गोळीने हिमोग्लोबिन वाढतच नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेवाटे लोह देण्याची सोयही आज आहे.

येथे एक सावधगिरी. या गोळ्या तांबड्या आणि साखरेचा लेप दिलेल्या असतात. लहान मुलांना त्या गोड खाऊ वाटतात आणि मुलाने एकदम बऱ्याच गोळ्या गिळल्या तर जिवावरचे विषबाधेचे संकट ओढवते. घरात नातवंडे असतील तर डबी कुलपात किंवा हात न पोहोचणाऱ्या जागी ठेवावी. तसेच ज्येष्ठांनी ‘मलाही अशक्तपणा आहे’ म्हणून तिच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. उतारवयात रक्त कमी होण्यामागे आतड्यातील छुपा रक्तस्राव असू शकतो, त्याची आधी तपासणी व्हायला हवी.

डोहाळे आणि माती

डोहाळे पुरवणे ही आपल्याकडची गोड रीत. आंबट खावेसे वाटले तर हौसेने द्यावे. परंतु गर्भवती माती, भाजलेल्या मातीची खापरी, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा सतत बर्फ खात असेल, तर तो डोहाळा समजून हसण्यावारी नेऊ नये. लोहाची कमतरता असलेल्या माणसांत अशी विचित्र ओढ वारंवार दिसते. मातीतून जंत पोटात जाण्याचा धोका वेगळाच. तिला रागावू नये, लपूनछपून खाण्याची वेळ तिच्यावर आणू नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी. जंत रक्त शोषून लोह कमी करतात, म्हणून चौथ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान जंतांचे औषध देण्याची पद्धत आहे. ते डॉक्टर किंवा परिचारिकेच्या सांगण्यानेच घ्यावे. घराबाहेर चपला घालणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हेही त्याच उपचाराचा भाग आहेत.

पंगतीतील तिची जागा

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे, जो कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाही. ती जेवते केव्हा? आधी पुरुष, मग मुले, मग वडीलधारी आणि शेवटी सून, हा क्रम अनेक घरांत अजून टिकून आहे. शेवटच्या पानात उसळीचा नुसता रस्सा उरतो, पालेभाजी संपलेली असते आणि लिंबू पिळून झालेले असते. बाजारातून उत्तम जिन्नस आणणाऱ्या घरातही रक्तक्षय आढळतो, त्याचे एक कारण या क्रमात आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून दिवसातून एक गरम, चौरस जेवण देण्याची अमृत आहार योजना सुरू झाली. घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो, समोर बसून जेवलेले अन्न तिच्याच पोटात जाते, हे अशा योजनेचे साधे शहाणपण. तेच आपल्या घरीही अंमलात आणता येईल. सासूबाईंनी ‘चल, आपण दोघी आधी बसू’ एवढे म्हटले, तरी घराची रीत बदलते.

उपवासांचाही विचार करावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात लोह नगण्य. गर्भवतीने उपवास न करणे उत्तम, आणि तसे सांगण्याचा अधिकार घरातील ज्येष्ठ स्त्रीचाच असतो. श्रद्धेपोटी ती करणारच असेल तर राजगिऱ्याची भाकरी किंवा लाही, शेंगदाण्याची आमटी, पेरू, लिंबूपाणी असा फराळ द्यावा. ‘कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल’ हा सल्ला मात्र कायमचा सोडून द्यावा. अशाने बाळ कमजोर होते आणि आईची ताकद जाते.

एका दिवसाचा आहार असा असू शकेल. सकाळी नाचणीची आंबील किंवा लिंबू पिळलेले, शेंगदाणे घातलेले पोहे. त्यानंतर दीड-दोन तासांनी दूध. दुपारी बाजरी वा ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पालेभाजी, लिंबू आणि ताजी कोशिंबीर. चारनंतर चहा, त्याच्याबरोबर जेवणासारखे काही नको. सहाच्या सुमारास भाजलेले हरभरे-शेंगदाणे आणि पेरू. रात्री डाळ-भात, भाजी, तिळाची किंवा आवळ्याची चटणी. मग लिंबूपाण्याबरोबर गोळी. यातील एकही वस्तू दुर्मीळ नाही.

तपासणी टाळू नये

आहार आणि गोळी यांचे फळ डोळ्यांनी दिसत नाही. ते तपासणीत दिसते. प्रत्येक भेटीत हिमोग्लोबिन पाहून घ्यावे आणि आकडा तारखेसह घरच्या दिनदर्शिकेवर लिहावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. नियमाने गोळ्या घेऊनही महिन्याभरात आकडा हलला नाही, तर कारण दुसरे असू शकते. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या भागांतील काही समाजांत सिकलसेल, तर सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचा गुण अधिक आढळतो. अशा वेळी केवळ लोह वाढवून उपयोग होत नाही. रक्ताची विशेष तपासणी पती-पत्नी दोघांची करावी लागते.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, चक्कर येणे, चेहरा व पाय सुजणे, पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसणे, ही लक्षणे दिसली तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. रुग्णालय गाठावे आणि प्रसूतीही रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावी.

बाळ घरी आले की सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे वळते आणि आईची गोळी मागे पडते. वास्तविक गेलेले रक्त भरून काढण्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. अळिवाची खीर आणि लाडू हा आपल्या बाळंतिणीचा पारंपरिक खाऊ. अळिवात लोह चांगले असते, तो अवश्य द्यावा. पण त्याच्या जोडीला पुढचे सहा महिने गोळी चालू ठेवावी. घरात वयात येणारी नात असेल, तर तिच्या पानाकडेही आजपासूनच लक्ष द्यावे. आहाराने लोहाचा साठा भरायला महिने-वर्षे लागतात आणि तो गर्भारपणाआधी भरलेला असेल तरच ऐनवेळी उपयोगी पडतो. उद्या दुपारी पाने मांडताना तिच्या आणि तिच्या आईच्या पानात लिंबाची फोड आठवणीने ठेवावी, आणि ती पिळली जाते की नाही हेही पाहावे.